भाव चांगला असला की पुरे का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या महिन्यात आपल्या एका कुटुंब-गटावर एक संदेश फिरत आला. वर लिहिलेलं, "नैसर्गिक उपायांनी हमखास संतानप्राप्ती", खाली अकरा उपाय, आणि शेवटी "दहा जणांना पाठवा, पुण्य लागेल". दोन तासांत त्याखाली हात जोडलेली चाळीसेक चित्रं जमली. पाठवणाऱ्या ताई माझ्या चांगल्या ओळखीच्या. मनानं अतिशय निर्मळ. काही वर्षांपूर्वी हाच संदेश मला आला असता तर मीही लगेच पुढे ढकलला असता. या वेळी नाही पाठवला. का नाही पाठवला, ते सांगायला बसले आहे. थोडं लांबेल, सवडीनं वाचा.

इंदूरच्या मंडळींना ठाऊक आहे की मी पुष्कळ वर्षं शिवलिंगीच्या बियांची पुडी देत असे. ही विद्या मला सासूबाईंकडून आली. त्या ग्वाल्हेरच्या, लष्करातल्या. बिया सियागंजातल्या पंसाऱ्याकडून आणायच्या, निवडायच्या, मोजून पुड्या बांधायच्या. पाळी झाल्यावर इतके दिवस, वासरू असलेल्या गायीच्या दुधातून घ्यायच्या. पैसे कधी घेतले नाहीत. उलट नारळ आणला तर तोही देवापुढे ठेवायला लावला. गुरुवारची आरती झाली की पादुकांना लावून पुडी हातात द्यायची आणि म्हणायचं, "महाराजांवर भार टाक, सगळं नीट होईल."

अशीच एक पुडी मी 2018 साली आपल्याच एका घरच्या सुनेला दिली. तिच्या परवानगीनं लिहिते आहे, नावगाव लिहीत नाही. लग्नाला तेव्हा अडीच वर्षं झाली होती, वय तेहतीस. तिला डॉक्टरकडे जायचं होतं. घरात म्हणाले, आधी काकूंची पुडी घेऊन बघ, डॉक्टर काय पळून जातात? तिनं पुडी घेतली. मग दुसरी घेतली. मग कुणीतरी वैद्यांचं चूर्ण दिलं, कुणी एक काढा दिला. मध्ये करोनाची दोन वर्षं गेली. शेवटी 2021 मध्ये दवाखान्यात तपासणी झाली. गर्भाशयात रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढतात, ती. दोन्ही बाजूच्या नळ्या बंद निघाल्या. पुढच्या तपासण्यांत कळलं की गर्भाशयाला आणि नळ्यांना क्षयाची लागण होऊन गेलेली होती. ना खोकला, ना ताप, पाळी थोडी कमी जायची एवढंच. आपल्या देशात नळ्या बंद होण्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि ते वर्षानुवर्षं गुपचूप आत बसून राहतं.

नळी बंद असेल तर शिवलिंगी काय करणार? रस्त्यात भिंत घातलेली, आणि आम्ही गाडीत तेल भरत बसलो.

मी भेटायला गेले. म्हटलं, अगं मला काय माहीत, मी तर चांगल्या भावनेनं दिलं होतं. ती अगदी शांतपणे म्हणाली, "काकू, मी पण विश्वासानंच घेतलं. विश्वास नसता तर लवकर डॉक्टरकडे गेले असते."

त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी घरी आले आणि मला तीन-चार दिवस नीट झोप लागली नाही. पहिले दोन दिवस मी मनात माझीच बाजू मांडत होते. मी पैसे घेतले का? नाही. बळजबरी केली का? नाही. देव भावाचा भुकेला असं आपणच म्हणतो ना, मग माझा भाव तर शुद्ध होता. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की देव भावाचा भुकेला असेल, पण ती मुलगी भावाची भुकेली नव्हती. तिला तिच्या शरीरात काय चाललंय ते कळायला हवं होतं, आणि ते मला माहीत नव्हतं. मला माहीत नाही, हे सांगायचं सोडून मी पुडी दिली. तीही पादुकांना लावून. म्हणजे माझ्या अज्ञानाला मी महाराजांची सही लावली. आता तिनं "नको" कसं म्हणावं? माझी पुडी नाकारणं म्हणजे महाराजांना नाकारणं, असं मीच करून ठेवलं होतं.

तर प्रश्न हा आहे. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असेल तर सल्ल्याचा दोष त्याला लागतो की नाही?

आपल्या उपासनेत गीतेचा सतरावा अध्याय दर वर्षी वाचला जातो. त्यात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मी तो अध्याय किती वेळा वाचला असेन कोण जाणे. सात्त्विक दान म्हणजे परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेलं, एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. पण तिथे नुसतं तेवढं नाही. योग्य देश, योग्य काळ आणि योग्य पात्र पाहून दिलेलं, असंही आहे. भगवंतांनी भावाबरोबर ही तीन कलमं जोडली ती उगाच नाहीत. माझी पुडी निरपेक्ष होती, कबूल. पण काळ? तेहतिसाव्या वर्षी मी तिची तीन वर्षं घेतली. पात्र? कुणाला काय हवंय याची मी चौकशीच केली नाही. सगळ्यांना एकच पुडी. अन्नदान करताना आपण मधुमेही माणसाला बळेच श्रीखंड वाढत नाही, आणि सल्ल्याचं दान मात्र डोळे मिटून करतो.

कुणी म्हणेल, पण काकू, तुमच्या पुडीनं कितीतरी जणींना मुलं झाली. हो, झाली. मीही तेच म्हणत असे, आणि बारशाला मानानं पुढे बसत असे. इथे जरा थांबून हिशोब पाहू, कारण सगळ्या घरगुती उपायांची कीर्ती या हिशोबावर उभी आहे. निरोगी वयातली शंभर जोडपी काही उपाय न करता नियमित एकत्र राहिली, तर वर्षभरात त्यांतल्या ऐंशीहून अधिक जोडप्यांना दिवस जातात. उरलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना दुसऱ्या वर्षात. म्हणजे मी शिवलिंगीऐवजी गव्हाचे दाणे पुडीत बांधून दिले असते तरी बहुतेकींनी पेढेच आणले असते! ज्यांना झालं नाही, त्या परत माझ्याकडे आल्याच नाहीत. लाजेनं म्हणा, आपलीच श्रद्धा कमी पडली असं वाटून म्हणा. त्यामुळे माझ्या वहीत नुसतं यशच लिहिलं गेलं.

म्हणजे नैसर्गिक असं काहीच करू नये का? तसं मी म्हणत नाही. करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते आपल्या जुन्या शास्त्राला धरूनच सांगता येतं. सुश्रुतांनी शारीरस्थानात गर्भ राहण्याची तुलना अंकुराशी केली आहे. ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज, ही चारही नीट जुळली की अंकुर येतो. गंमत पहा, यातलं एकही "सुनेचं व्रत" नाही.

बीजापासून सुरुवात करते, कारण आपण तिथेच डोळेझाक करतो. बीज दोघांचं असतं. मूल न होणाऱ्या जोडप्यांत सुमारे निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी बायकोकडच्या कारणाच्या जोडीनं. आणि पुरुषाची पहिली तपासणी किती सोपी! ना सुई, ना भूल, एका नमुन्यावर काम. बाईच्या तपासण्या त्यामानानं त्रासाच्या, दुखणाऱ्या, महागड्या. तरी आपल्या घरांत सून आधी रांगेत उभी राहते आणि मुलगा पार्किंगमध्ये गाडी लावून फोन बघत बसतो. मी माझ्या एवढ्या पुड्यांत एकाही नवऱ्याला विचारलं नव्हतं की बाबा, तुझं तपासलं का?

पुरुषाच्या शरीरात बीज तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणून त्यानं आज तंबाखू सोडली तर फरक दिसायला तीनेक महिने द्यावे लागतात. तंबाखू म्हणजे सिगारेटच नव्हे. गुटखा, खैनी, मशेरी, सगळं त्यातच आलं. आपल्या माळव्यात जेवणानंतर पुडी फाडणारे किती हात आहेत ते आपण जाणतो. दारूचंही तसंच. अंडकोश देहाच्या बाहेर ठेवण्यात निसर्गाचा हेतू आहे, त्यांना उरलेल्या शरीरापेक्षा थोडा गारवा लागतो. म्हणून मांडीवर तासन् तास लॅपटॉप, भट्टीसमोर दिवसभर उभं राहण्याचं काम, या गोष्टी डॉक्टरांना मोकळेपणानं सांगाव्यात. आणि हल्लीच्या पोरांसाठी खास: जिममध्ये अंग भरायला जी इंजेक्शनं देतात, त्यांतल्या टेस्टोस्टेरॉनच्या आणि तसल्या इंजेक्शनांनी बीज तयार होणं पार थांबू शकतं. बाहेरून पैलवान, आत दुष्काळ. आयांनी कानात सांगायची ही गोष्ट आहे.

बाईच्या बीजाला वयाची मर्यादा आहे. पुरुषाचं बीज आयुष्यभर नवं बनत राहतं, बाई मात्र सगळी बीजं जन्मतःच घेऊन येते आणि ती कमी होत जातात. पस्तिशीनंतर उतार जास्त. त्यामुळे "बघू, होईल निवांत" हा सल्ला पंचविशीतल्या मुलीला चालेल, छत्तिशीतल्या मुलीला चालणार नाही. शब्द तेच, काळ वेगळा.

आता ऋतू. इथे मला सोवळेपणा थोडा बाजूला ठेवून लिहावं लागेल. मोठ्या माणसांनी रागवू नये. बाईच्या शरीरात बीज सुटल्यावर ते जेमतेम दिवसभर टिकतं. पुरुषाचं बीज आत पाचेक दिवस जगू शकतं. म्हणजे महिन्यात दिवस राहण्याची शक्यता असलेले दिवस पाच-सहा, बीज सुटण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे. बीज सुटतं ते पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी. लोक "पाळीनंतर चौदावा दिवस" धरतात, ते अठ्ठावीस दिवसांच्या पाळीलाच जुळतं. जिची पाळी पस्तीस दिवसांनी येते, तिचा दिवस एकविसावा. पांढरा स्राव पातळ, निसरडा, अंड्याच्या पांढऱ्यासारखा झाला की ते दिवस आले असं समजावं. तारखांचा फार काच वाटत असेल तर एक-दोन दिवसांआड एकत्र आलं तरी पुरतं. नंतर उशी घेऊन पाय वर करून पडून राहण्याची गरज नाही.

यात घरातल्यांनी काय करायचं, असं विचाराल. सांगते. दोघांना एकांत द्यायचा. हसू नका. आमच्या इकडच्या एका घरात दोन खोल्या, सहा माणसं. मुलाची पीथमपूरला कारखान्यात पाळीची नोकरी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. सुनेचे नेमके ते दिवस आले की सासूबाई तिला संकल्प सोडून कडक उपासाला बसवत, वर "या दिवसांत पावित्र्य पाळ" म्हणत. वर्षभर असं चाललं. मग सगळे म्हणायचे, एवढी व्रतं करूनही कसं काही होत नाही! मी त्या सासूबाईंना म्हटलं, तुमच्या घरचा नैसर्गिक उपाय म्हणजे तुम्ही आणि दादा महिन्यातून चार दिवस लेकीकडे राहायला जा. त्या खूप संकोचल्या, पण गेल्या.

अंबू म्हणजे पोषण. इथे फार लिहीत नाही, कारण बरंचसं सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी ऐकत नाही. वजन फार जास्त असेल, पाळी दोन-दोन महिने येत नसेल, पीसीओएसचं निदान असेल, तर आहे त्या वजनाचा पाच ते दहा टक्के भाग उतरला तरी पुष्कळींचं बीज परत नीट सुटू लागतं. सत्तर किलोची असेल तर साडेतीन ते सात किलो. फार कृश झालं तरी पाळी बिघडते, म्हणून उपासांवर उपास नकोत. चहा-कॉफी बेतानं. थायरॉइड आणि साखर एकदा तपासून घ्यावी. आणि फॉलिक ॲसिडची गोळी, रोज 400 मायक्रोग्रॅम, गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून पहिले तीन महिने. काहीजणी म्हणतात, गोळी नैसर्गिक नाही, आम्ही पालेभाजी खातो. पालेभाजी जरूर खा. पण बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्यापासून होतात ती नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, तेव्हा आईला दिवस गेल्याचं धड कळलेलंही नसतं. भाजीतून नेमकं किती मिळालं याचा भरवसा त्या घडीला धरता येत नाही. मधुमेह किंवा फिटचं औषध चालू असेल तर डॉक्टर जास्त मात्रा देतात, ते त्यांनाच विचारावं.

आणि क्षेत्र, म्हणजे गर्भाशय आणि नळ्या. ते बाहेरून कुणालाच दिसत नाही. मलाही नाही, नाडी पाहणाऱ्यालाही नाही. म्हणून काळाची एक रेघ आखून ठेवावी. बाईचं वय पस्तिशीच्या आत असेल तर एक वर्ष प्रयत्न, पस्तीस ओलांडलं असेल तर सहा महिने. तेवढ्यात दिवस गेले नाहीत तर दोघांनी, परत लिहिते, दोघांनी जाऊन तपासून घ्यावं. पाळी फारच अनियमित असेल, ओटीपोटात तीव्र दुखत असेल, पूर्वी क्षय झाला असेल किंवा मुलाला लहानपणी अंडकोशाचं काही ऑपरेशन झालं असेल तर तेवढंही थांबू नये. तपासणीला गेलं म्हणजे लगेच टेस्ट ट्यूबच करावं लागतं असंही नाही. कित्येकांचं साध्या औषधावर भागतं.

चूर्णांविषयी एकच. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असं समीकरण नाही. धोतराही निसर्गातच उगवतो. बिनलेबलाच्या काही औषधांत शिसं आणि पारा सापडलेला आहे, आणि हे दोन्ही गर्भाला घातक. शिकलेल्या वैद्यांकडे जाऊन, काय घेतो आहोत ते डॉक्टरांना सांगून घेणं वेगळं, आणि संदेशातलं वाचून घेणं वेगळं. "मुलगाच होईल" असं सांगून कुणी काही देत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. मुलगा की मुलगी हे वडिलांच्या बीजावर गर्भ राहण्याच्या क्षणीच ठरतं. आणि गर्भलिंग निवडीविरुद्धचा 1994 चा कायदा गर्भधारणेच्या आधीच्या उपायांनाही लागू आहे. शिवलिंगीचं नाव या "मुलग्याच्या" नुस्ख्यांतही घेतात. माझ्याकडेही काहीजणी त्याच आशेनं येत होत्या. मला ते कळत होतं, आणि मी गप्प बसत होते. हेही त्या हिशोबात धरते.

आता खरा अवघड भाग. वर लिहिलेलं सगळं केलं आणि तरी मूल झालं नाही तर? इथे आपण भक्त मंडळी दोन टोकांना जातो. एक टोक, "नशिबात असेल तर होईल", म्हणून काहीच करायचं नाही. दुसरं टोक, "मनापासून केलं असतं तर झालं असतं", म्हणजे झालं नाही तर तिचं मन कमी पडलं. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणं सांगितली आहेत. अधिष्ठान म्हणजे देह, मग कर्ता, साधनं, निरनिराळ्या क्रिया, आणि पाचवं दैव. पाचवं आहे, पहिलं नाही. पण आहे. पहिल्या चारांत कसूर करून पाचव्यावर ढकलणं जसं चूक, तसं चारही नीट करणाऱ्या माणसाला पाचव्याचा जाब विचारणंही चूकच. कित्येक जोडप्यांच्या सगळ्या तपासण्या नीट येतात आणि कारण सापडतच नाही. डॉक्टरांकडेही त्याला नाव एवढंच, "अस्पष्ट कारण". जे डॉक्टरांना सापडलं नाही ते आत्याबाईंना हळदीकुंकवात कसं सापडतं, मला नवल वाटतं.

"टेन्शन घेऊ नकोस, टेन्शननं होत नाही," हा सल्लाही असाच. मूल होत नाही म्हणून ताण येतो, हे सगळ्यांना दिसतं. पण ताणामुळेच मूल होत नाही असं सरसकट म्हणायला भक्कम आधार नाही. दुष्काळात, फाळणीत, निर्वासितांच्या छावण्यांतही मुलं जन्मली. तिला "टेन्शन घेऊ नको" सांगणं म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक काम टाकणं. नामस्मरण करावं, जरूर करावं. मनाला उभं राहायला जागा मिळते. पण नाम हे गर्भ राहण्याचं औषध म्हणून कुणाला देऊ नका. गुण नाही आला तर ती मुलगी मूलही गमावेल आणि नामही.

महाराजांची एक आठवण जुन्या मंडळींना असेल. उज्जैनच्या मुक्कामात एक बाई सून आणि मुलाला घेऊन आल्या, अंगारा मागायला. महाराजांनी अंगारा दिला, तो मुलाच्या हातात. आणि त्याला विचारलं, "तू दाखवलंस का कुणाला?" मुलगा खाली बघू लागला. सासूबाई म्हणाल्या, "महाराज, त्याला काय झालंय, तो तर धडधाकट आहे." महाराज एवढंच म्हणाले, "मी त्याला विचारलं." तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. मी तिथेच होते, पंगतीची पानं पुसत. ऐकलं, हसले, आणि घरी येऊन पुन्हा सुनांनाच पुड्या वाटत राहिले. गुरूंचं ऐकणं आणि गुरूंकडून शिकणं यात केवढं अंतर असतं, ते मला 2021 साली कळलं.

पुढे त्या मुलीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. क्षयाचे सहा महिन्यांचे उपचार झाले, ते सांगायला तिची हरकत नाही. त्यापुढचं मी मुद्दाम लिहीत नाही. मूल झालं असं लिहिलं तर तुम्ही म्हणाल, शेवटी महाराजांनी केलंच ना, काकू उगाच वाईट वाटून घेतात. झालं नाही असं लिहिलं तर तुम्ही हळहळाल, आणि पुढच्या उत्सवात तिच्याकडे त्या नजरेनं बघाल. दोन्ही तिला नको आहे. ती उपासनेला येते, पेटी छान वाजवते. मी तिची क्षमा मागितली, ते तिच्या घरी जाऊन, सासूबाईंच्या देखत. ती म्हणाली, "काकू, आता दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हणजे झालं." त्यावर मी पुड्या बंद केल्या. डबा अजून आहे, पितळेचा, सासूबाईंचा. त्यात आता वाती ठेवते.

आपल्या गटांपुरती एक विनंती करते, मोठेपणाच्या नात्यानं. असा संदेश आला तर पुढे पाठवू नका. लग्नाला वर्ष झालेल्या मुलीला "काय मग, गुड न्यूज कधी?" असं सगळ्यांसमोर विचारू नका. डोहाळजेवणाला, ओटीभरणाला, पाळण्याच्या नावाला अमक्या सुनेला बोलवावं की नाही याची कुजबूज तर पूर्ण बंद करा. तिला बोलवा, आणि ती आली नाही तर कारण विचारू नका.

परवा देवासहून एका गुरुभगिनींचा फोन आला. त्यांना पुड्या बंद झाल्याचं माहीत नव्हतं. म्हणाल्या, "सुनेसाठी पाहिजे होती, काकू, किती दिवसांची लागेल?" मी विचारलं, लग्नाला किती झालं? चार वर्षं. सुनेचं वय? चौतीस. तिच्या तपासण्या? दोन झाल्या, नीट आल्या. आणि मुलाची? पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाल्या, "त्याची कशाला?"

मी म्हटलं, "तो घरी आहे का? फोन त्याला द्या."

॥ श्री गुरुदेव दत्त ॥